'मॉब' : जमाव, झुंड की मोर्चा?

बोरूबहाद्दर : थायलंडवरच्या एका माहितीपटाचं मराठी निवेदन लिहितोय. विषय २०१३-१४ चं आंदोलन, पंतप्रधान यिंगलक शिनावात्रा यांच्याविरुद्धचं. संहिता इंग्रजीत, पण लिहिणारा थाई, आणि पानोपानी 'मॉब'. मी 'जमाव' केलं, तपासणाऱ्याने त्याचं 'झुंड' केलं. आता वाक्य असं झालंय : 'झुंडीने लुम्पिनी बागेत तंबू ठोकले आणि रांगेत उभं राहून जेवण घेतलं.' काय करू?

खवचट : शिस्तीची झुंड आहे. राहू द्या.

चांदणचुरा : मी तेव्हा बँकॉकमध्ये नोकरीला होते. १३ जानेवारी २०१४ पासून मोठे चौक अडवले होते, त्यात आमचा अशोक चौकही. (हो, अशोकच. तिथे 'असोक' म्हणतात.) टॅक्सीवाला हात झटकून म्हणायचा, "मॉब, मॉब!" म्हणजे रस्ता बंद, दुसरीकडून चला. भीती नाही, शिवी नाही. थाईत हा शब्द इंग्रजीतून आला आणि निवळला. शिट्ट्या फुंकणारे तर 'मॉब नोकवीत'. नोकवीत म्हणजे शिट्टी. मीही तिरंगी नाडीची एक घेतली होती, थाई झेंड्याच्या रंगांची. अजून कुकरशेजारी टांगलेली आहे.

परळचा पोऱ्या : मग हा सरळ आपला मोर्चा! हंडा मोर्चा, लाटणे मोर्चा, तसा शिट्टी मोर्चा. २०२१ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान प्रयुथ चान-ओचांविरुद्ध लोक गाड्या घेऊन निघाले, त्याला 'कार मॉब' म्हणत. गाडी मोर्चा. झालं काम.

व्याकरणकाका : काम कसलं झालं? मोर्चा चालतो. चौकात महिनोन् महिने बसतात त्याला धरणे म्हणतात. २००८ मध्ये सरकारविरोधी पिवळे शर्टवाले बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळात ठाण मांडून बसले, तो काय मोर्चा? धरणे हा आपला जुना शब्द. पैसे बुडवणाऱ्याच्या दारात उपाशी बसायचं, ते धरणे. आणि 'मोर्चा' तरी कुठे मराठी? इंग्रजी 'मार्च'वरून आलाय.

बखरवाचक : काका, मार्चवरून नाही हो! इंग्रज यायच्या आधीपासून आपण किल्ल्यांना मोर्चे लावतोय. फारसी शब्द, खंदक या अर्थाचा. म्हणजे मूळ मोर्चा बसलेलाच होता, चालायला तो नंतर लागला. तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटला.

व्याकरणकाका : फारसी म्हणजे परकाच की. 'निदर्शने' लिहा.

परळचा पोऱ्या : 'निदर्शने' फक्त बातमीत होतात. आमच्या चाळीतून कोणी निदर्शनाला गेलेलं आठवत नाही. आजी लाटणं घेऊन मोर्चालाच गेली होती.

चांदणचुरा : शुद्ध संस्कृत हवं तर थाईतूनच घ्या, काका. २२ मे २०१४ ला लष्कराने सत्ता घेतली, त्याला तिकडे 'रत्थप्रहान' म्हणतात. राष्ट्र आणि प्रहार. सरकार म्हणजे 'रत्थबान', राष्ट्रपाल.

व्याकरणकाका : वा! आपण मात्र 'लष्करी उठाव' म्हणतो. उठाव खालून होतो, वरून नव्हे. राष्ट्रप्रहार रूढ करायला हवा.

खवचट : करा की. पुढच्या वेळी सैन्याला कळवू.

बोरूबहाद्दर : मंडळी, 'मॉब'चं काय? मला आज रात्री फाइल द्यायची आहे. सध्या 'आंदोलक' केलंय, पण शिट्टीचा आवाज त्यात येत नाही.

बखरवाचक : आंदोलक चालेल. जाता जाता, हिंदीत मोरचा म्हणजे लोखंडावरचा गंजही होतो. तलवारीला मोरचा लागतो.

वऱ्हाडी ठेचा : गंज लोखंडावर कसा येईन? आमच्याकडे गंजात वरण शिजते.

व्याकरणकाका : त्याला पातेलं म्हणतात.

वऱ्हाडी ठेचा : तुमच्याकडे म्हणत असतीन.