भाड्याचं स्वयंपाकघर: भिंतीला भोक न पाडता जागा कशी काढता?

११ महिन्यांचा करार, ६ बाय ७ फुटांचं स्वयंपाकघर, कडप्प्याचा ओटा, खाली उघडे खण आणि मालकांची अट: ड्रिल चालणार नाही. अशा घरात ट्रॉल्यांवर पैसे घालणं परवडत नाही. कमी खर्चात केलेलं, घर बदलताना टेम्पोत चढवता येईल असं जे काही असेल ते मापांसकट लिहा. काय टिकत नाही आणि का, तेही हवंय.

कोथरूड, वन बीएचके

एकच वस्तू घ्यायची तर स्लॉटेड अँगलचा, म्हणजे ओळीने भोकं असलेल्या काटकोनी लोखंडी पट्ट्यांचा रॅक घ्या, गोदामांत असतो तोच. ३ फूट रुंद, १ फूट खोल, ६ फूट उंच रॅक मोकळ्या भिंतीला उभा केला की ओटा रिकामा होतो. सामान असं लागतं: ६ फुटी अँगल ४, पत्र्याचे खण ५, प्रत्येक खणाला ८ नटबोल्ट, त्रिकोणी कॉर्नर प्लेटा ८, पायांना रबरी बूट ४. पुण्यात बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. भंगारवाल्याकडे जुना रॅक बराच स्वस्त पडतो, फक्त अँगल फरशीवर आडवा ठेवून वाकलेला नाही ना ते बघून घ्या.

जोडणी रॅक आडवा पाडूनच करायची. आधी सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा खण, बोल्ट नुसते हाताने पिळलेले. मग उभा करा, चारही पाय टेकतात का बघा आणि तेव्हाच पान्याने आवळा. ८ एमएमच्या बोल्टला १३ नंबरचा पाना बसतो. आडव्या अवस्थेतच आवळलं तर चौकट तिरकी बसते आणि एक पाय अधांतरी राहतो. कॉर्नर प्लेटांवर पैसे वाचवू नका, रॅक डुलतो तो त्या नसतात म्हणून. फरशीला मोरीकडे उतार असेल तर उताराकडच्या पायांखाली रबराची चकती सारा. शेवटी वरचं टोक बाइंडिंग तारेने खिडकीच्या गजाला बांधा, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

दोन खणांतलं अंतर म्हणजे त्या खणातला सर्वांत उंच डबा अधिक ३ इंच, नाहीतर झाकण उघडायला डबा बाहेर काढावा लागतो. तळाचा खण ६ इंच वर घ्या, खालून केरसुणी फिरली पाहिजे. कणकेचा आणि तांदळाचा डबा खालच्या दोन खणांत. सोऱ्या, इडलीपात्र, मोदकपात्र सर्वांत वर.

डोंबिवली, वन आरके

ओट्याखाली पडदा लावणार असाल तर सिलिंडरसमोर तो फरशीला टेकवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खालीच साचतो. निदान ६ इंच उघडं ठेवा, त्या खणाला दार तर नकोच. १४.२ किलोचा सिलिंडर फुटाहून जास्त रुंद असतो, त्यामुळे शेजारी अरुंद फट उरते. तिथे पातेली कोंबू नयेत. तवे, परात, ताटं उभी ठेवावीत, कार्यालयातल्या फाइलींचा लोखंडी स्टँड त्याला छान होतो. सिलिंडरखाली चाकांचा स्टँड हवाच, कारण भरलेला सिलिंडर ३० किलोच्या घरात जातो आणि मागची जागा झाडायला तो रोज उचलणार कोण? नळी मात्र कशाखाली दबता कामा नये, आणि तिच्यावरची तारीख वाचता आली पाहिजे. ५ वर्षांनी नळी बदलायची असते.

नाशिक

रॅकच्या आधी डबे बघा. गोल डबे ओळीने मांडले की फळीचा पाचव्या भागाहून थोडा जास्त तुकडा फुकट जातो, चौकोनी डबे एकमेकांना चिकटून बसतात. सगळे एकाच कंपनीचे, एकाच तळाचे घ्या म्हणजे एकावर एक रचता येतात.

१ किलो तूरडाळ, तांदूळ किंवा साखर साधारण सव्वा लिटर जागा घेते, म्हणून दीड लिटरचा डबा. १ किलो कणकेला पावणेदोन लिटर लागतात, ५ किलोला १० लिटरचा डबा पुरतो. नवीन डाळ आणली की जुनी आधी ताटात काढायची, नवी तळाला, जुनी वर. हे टाळलं की तळाशी पोरकिडे होतात, मग डबा कितीही चांगला असो. चुरमुरे, पोह्यांना डबा देऊ नका. पिशवीला कपड्यांचा चिमटा लावून ती खुंटीला टांगा.

रत्नागिरी

कोथरूडकरांनी सांगितलेल्या अँगलच्या रॅकला आमच्याकडे पावसाळ्यात गंज चढतो, आणि तो सुरू होतो कापलेल्या टोकांपासून व बोल्टच्या भोकांपासून. जोडण्याआधी तेवढ्या जागी रेड ऑक्साइडचा हात मारून एक दिवस वाळवा. आंब्याच्या रिकाम्या पेट्या आडव्या रचल्या तर बरण्यांचे खण होतात. आतल्या खिळ्यांची टोकं ठोकून मोडा, फळ्यांना सँडपेपर फिरवा, दोन पेट्या सुतळीने बांधा. दोनाच्या वर तिसरी चढवू नका, फळ्या पातळ असतात. कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत, बटाट्याच्या ओलाव्याने कांदा लवकर सडतो. कांदा जाळीच्या पिशवीत टांगलेला, बटाटा खाली, अंधारात. आणि पुठ्ठ्याची खोकी स्वयंपाकघरात ठेवूच नका, त्यांच्या पन्हळींत झुरळं घर करतात.

ठाणे

चिकट हूक पडतात ते बहुतेक वेळा तेलामुळे. फोडणीचा थर डोळ्यांना दिसत नाही. टाइल आधी साबणाने, मग सर्जिकल स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, हूक अर्धा मिनिट दाबून धरा आणि २४ तास त्याला काही अडकवू नका. डिस्टेंपरच्या भिंतीवर लावलात तर हुकाबरोबर रंगाचा पापुद्रा निघेल आणि तो डिपॉझिटमधून कापला जाईल. व्हॅक्यूमचा हूक टाइलच्या मधोमधच लावा, सांध्यावर आला तर हवा शिरते. चिकट हूक काढताना हेअर ड्रायरने गरम करून मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवा, खेचू नका.

स्प्रिंगचा रॉड दोन कडप्प्यांमध्ये छान बसतो. अंतरापेक्षा बोटभर लांब फिरवून घ्या आणि दाबून आत सरकवा. सिंकखाली त्यावर स्प्रेच्या बाटल्या अडकतात, पडदाही लागतो. कढया मात्र टांगू नका. त्यांच्यासाठी खिडकीचे गज आणि स्टीलचे एस हूक.

कोल्हापूर

फ्रिजच्या बाजूला चुंबकाचा रॅक लावण्याआधी साधा मॅग्नेट चिकटतो का ते बघा, आणि त्यात मसाल्याच्या बरण्यांपेक्षा जड काही नको. भिंत आणि फ्रिजमध्ये चाकांची अरुंद ट्रॉली घालणार असाल तर कंपनीने पुस्तिकेत सांगितलेली हवेची फट आधी सोडा, मग उरलेलं माप घेऊन बाजारात जा.

एखादं भोक पाडायची परवानगी मालकांनी दिलीच तर ती व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. टाइलच्या मध्ये नाही, सांध्यात पाडा. घर सोडताना भोकातला स्क्रूचा प्लग उपसून काढा, भोक ओलं करा आणि व्हाइट सिमेंट श्रीखंडाइतकं घट्ट कालवून काडीने आतपर्यंत ठासा. नुसतं तोंडाशी लिंपलं तर वाळल्यावर खळगा पडतो. दुसऱ्या दिवशी बारीक सँडपेपर फिरवून ओल्या फडक्याने पुसा, मगच मालकांना घर दाखवायला बोलवा.