अंगठा ‘परत ठेवा’ म्हणाले तर
फोनवरच्या फसवणुकीबद्दल ‘ओटीपी दिला नाही की आपण सेफ’ असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं. घोळ सिम घेतानाच होऊ शकतो. तासगावच्या बाजारात छत्री लावून बसलेल्या पोराकडून आमच्या आत्यानं सिम घेतलं. ‘उमटला नाही, परत ठेवा’ म्हणत त्यानं अंगठा पुन्हा पुन्हा ठेवून घेतला. द्राक्षबागेच्या कामानं तिची बोटं झिजलेली, मशीन खरंच कधीकधी घेत नाही, त्यामुळं तिला संशय यायचं कारणच नव्हतं. नंतर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघितलं, तर तिच्या नावावर भलताच नंबर चालू! म्हणजे ‘परत ठेवलेल्या’ अंगठ्यावर दुसरंच सिम निघालं होतं.

हे पोर्टल २०२३ पासून आहे. तिथं आपल्या नावावरचे सगळे नंबर दिसतात, आपला नसेल तो ‘माझा नंबर नाही’ म्हणून कळवायचा. त्या भलत्या नंबरवरून कुणाला गंडा घातला, तर पोलीस आधी आत्याच्याच दारात येणार. आधारचं बायोमेट्रिकही (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करता येतं. रेशनच्या दिवशी तेवढं आठवणीनं उघडा, नाहीतर दुकानदार परत पाठवतो.