मुर्गाबची शाही जहागीर: रशियन आणि तुर्कमेनांचं भांडण जमिनीचं की पाण्याचं?

पाटकरी_वाळवा
आजच्या तुर्कमेनिस्तानात, मुर्गाब नदीकाठच्या मेर्वजवळ बैराम-अलीला रशियाच्या झारची शेती होती, तिच्याबद्दल वाचतोय. जिथं तिथं ‘रशियन वसाहतवाले विरुद्ध तुर्कमेन’ एवढंच लिहिलेलं. जमीन नक्की कुणाची गेली? आणि वरचा बंधारा जहागिरीचा, टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटाला, तुर्कमेन, मग पाणी कसं वाटायचे?

कराडकर_संगम
‘वसाहतवाले’ हा शब्दच फसवा आहे. मेर्व रशियाकडे गेलं १८८४ मध्ये. १८८७ मध्ये तिसऱ्या अलेक्झांडरनं सुलतान-बंद या जुन्या बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजू शकणारं पडीक रान स्वतःच्या खासगी मालमत्तेत घेतलं. हे रान आधीच ओसाड होतं, कारण अठराव्या शतकाच्या अखेरीस बुखाऱ्याच्या शाह मुरादनं तो बंधारा फोडला होता. त्यामुळे उभी पिकं हिसकावली असं चित्र रंगवू नका. रशियन म्हणजे कारभारी, इंजिनिअर, कारखान्यातली माणसं. शेतात राबणारे वाटेकरी बहुतेक मुसलमान, त्यांत बाहेरून आलेलेही बरेच. जमीन-पाणी जहागिरीचं, कष्ट त्यांचे, कापसातला ठरलेला हिस्सा कचेरीला. आपल्याकडच्या वाट्यासारखंच, फक्त सातबाऱ्यावर झार!

मिरज_कालवा
खरी मेख पाण्याच्या वेळेत आहे. खाली कौशुत-खान-बंदाशी तेक्के या टोळीच्या तुर्कमेनांचं पाणी दोन भागांत फुटायचं, एक पाट ओतामिश शाखेचा, दुसरा तोख्तामिशचा. पुढची वाटणी मिराब, म्हणजे त्यांचा पाटकरी, बघायचा. सामाईक जमिनीत लग्न झालेल्या पुरुषालाच जमीन-पाण्याचा वाटा, म्हणून वाटा वाढवायला पोरांची लग्नं लवकर उरकत.

मुर्गाब अफगाण डोंगरातून येते. पूर वसंतात, उन्हाळा सरता सरता पात्र रोडावतं. शरदात पेरलेला गहू पुराच्या पाण्यावर निघतो. कापूस मात्र ऐन जुलै-ऑगस्टला पाणी मागतो. जहागिरीनं कापूस धरला, तुर्कमेनही कापसाकडे वळले, आणि दोघांची पाळी एकाच टंचाईत आली. अशा वेळी ज्याच्या हातात वरचं दार, त्याचंच आवर्तन.

पाटकरी_वाळवा
मग पुराचं पाणी साठवलं का नाही?

मिरज_कालवा
साठवलं की! सुलतान-बंद नव्यानं बांधायचा पहिला प्रयत्न फसला. तिथली माती भुसभुशीत, पाण्यात विरघळल्यासारखी सुटते. मग १८९० च्या दशकात हिंदुकुशला (डोंगर नव्हे, मुर्गाबवरचं त्याच नावाचं ठिकाण) धरण झालं. पण संथ पाण्यात तीच माती तळाला बसते, साठा भराभर गाळानं भरला. तुर्कमेनांचा झाऊ, फांद्या आणि मातीचा बांध मोठ्या पुरात वाहून जायचा, पण गाळही पुढं जायचा. तो पाटात बसला की सगळे मिळून खोऱ्यानं उपसायचे. रशियन इंजिनिअर या बांधांना अडाणी समजत. मला तरी तो हिशेब पक्का वाटतो, मजुरी जास्त पण धरण बुजत नाही.

१९०९ मध्ये हिंदुकुशला वीजघर झालं. वीज बैराम-अलीच्या कारखान्यांना, म्हणजे सरकी काढणं, तेल गाळणं. टेलच्या तुर्कमेनाला त्यातून थेंबभर पाणी वाढलं नाही.

कराडकर_संगम
एक राहिलं, क्षार. सपाट रान, निचऱ्याला उतार नाही, कडक ऊन. बारमाही पाटानं भूजल वर आलं की मीठ पृष्ठभागावर पांढरं फुटतं. जुनी रीत थोडी जमीन भिजवून बाकीची पडीक ठेवायची, तेवढ्यात पाणी खाली उतरायचं. चर न काढता पाट वाढवले की काय होतं हे वाळव्याच्या माणसाला मी काय सांगू!