मदत हवी आहे: एडिटिंग करताना एक्स्टर्नल हार्ड डिस्क मध्येच गायब होते, १.८ टीबी शूटिंग त्यातच आहे

मंडळी, नमस्कार.

दोन रात्री धड झोप नाही, म्हणून इथे विचारतेय. यंदाच्या जत्रांत कुडाळ-वेंगुर्ले भागात चार रात्री दशावताराचं शूटिंग केलं. माझे मामा आयुष्यभर स्त्रीपार्टी (नाटकात बाईची भूमिका) करत आले आणि हा त्यांचा शेवटचा हंगाम. पालखी झाली की मध्यरात्री नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत, म्हणजे रात्रीचे पाच तास धरा. दोन कॅमेरे, दोन्ही फोर-के, १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट). तासाला एका कॅमेऱ्याचे ४५ जीबी, म्हणजे चार रात्रींचे १.८ टीबी. हे सगळं एका ४ टीबीच्या पोर्टेबल डिस्कवर आहे आणि दुसरी प्रत नाही. रोज रात्री कार्डं रिकामी करून परत वापरावी लागली. चूक झाली, कळतंय.

आता अडचण. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र जुळवून (मल्टिकॅम टाइमलाइन) लावलं की पहिली पाच मिनिटं बरी जातात, मग चित्र अडखळायला लागतं. पंधरा-वीस मिनिटांनी डिस्कमधून बारीक टिक-टिक ऐकू येते, विंडोजचा तो डिस्क काढल्याचा आवाज होतो आणि सगळ्या क्लिप लाल, मीडिया ऑफलाइन. केबल काढून लावली की डिस्क परत दिसते, पण कधी ई ड्राइव्ह म्हणून तर कधी एफ, त्यामुळे क्लिप पुन्हा शोधून द्याव्या लागतात. कॉपी करायला घेतली तर वेग ३८ एमबीच्या वर जात नाही.

जोडणी अशी: लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टला एक मल्टिपोर्ट हब. त्याच हबवर कार्ड रीडर, वायरलेस माउसचा रिसीव्हर आणि ही डिस्क. डिस्कची मूळ केबल जत्रेच्या गर्दीत कुठेतरी पडली. जुन्या फोनची केबल त्या खाचेत नीट बसते, म्हणून सध्या तीच लावली आहे.

गावातले एक दुकानदार म्हणाले, डिस्क गेली, उघडून बघू. मी दिली नाही. परवा मामांनी फोनवर विचारलं, "बाय, माका कधी दाखवतलंस?" काय सांगायचं कळेना. डिस्क खरंच गेली आहे का?

प्रतिसाद १

ताई, उघडायला दिली नाहीत ते फार बरं केलंत. पोर्टेबल डिस्क धुळीत उघडली की संपली. आज एडिटिंग बंद ठेवा आणि डिस्क काढून बाजूला ठेवा.

प्रतिसाद २

लग्नांचं एडिटिंग करून मला बरीच वर्षं झाली. तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे: फोनची केबल.

तुमच्या डिस्कवरची खाच रुंद आहे, दोन भागांची, एक मोठा आणि शेजारी एक छोटा. ही यूएसबी ३ ची मायक्रो-बी. तिच्या मोठ्या भागात जुन्या फोनची मायक्रो-यूएसबी पिन बरोबर बसते, तशीच तिची रचना आहे. पण वेगाच्या तारा छोट्या भागात असतात आणि तो तुमच्याकडे रिकामा आहे. म्हणून डिस्क यूएसबी २ वर चालते. कागदावर ते ४८० एमबीपीएस, प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० एमबी. तुमचे ३८ तिथूनच आले.

टिक-टिकचं कारणही बहुधा तिथेच आहे. अडीच इंची डिस्कला वेगळा अ‍ॅडॉप्टर नसतो, ती सगळी वीज केबलमधूनच ओढते. यूएसबी २ चं पोर्ट नियमाने ५०० मिलीअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. तबकडी फिरायला लागताना त्याहून जास्तच लागते. फोनच्या लांब, बारीक तारेत व्होल्टेज पडतं, त्यात हब एकाच पोर्टची वीज तिघांत वाटतो. वीज कमी पडली की हेड (तबकडीवरून वाचणारा भाग) जागेवर जातं, डिस्क पुन्हा उठायचा प्रयत्न करते, तोच टिक. अर्थात खराब हेडचा आवाजही असाच येतो. म्हणून नवीन केबल लावून ऐकल्याशिवाय कोणीच निकाल देऊ नये.

असं करा. जेमतेम फूटभर लांबीची रुंद पिनची केबल आणा. हब काढा, डिस्क थेट लॅपटॉपच्या निळ्या पोर्टला लावा. मग यूएसबी ट्री व्ह्यू नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर उघडून डिस्क कुठल्या वेगावर आहे ते पाहा. तिथे 'हाय-स्पीड' दिसलं तर खूश होऊ नका, हाय-स्पीड हे यूएसबी २ चंच नाव आहे. 'सुपरस्पीड' दिसायला हवं. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फोही चालवा आणि ०५ व सी५ या दोन ओळींचे आकडे इथे टाका. त्यातली सी७ ही ओळ पाहून केबलला दोष देऊ नका. तो डब्याच्या आतल्या साटा जोडणीचा हिशेब आहे, बाहेरच्या केबलचा नाही.

आणि विंडोजने 'डिस्क स्कॅन करून दुरुस्त करू का' असं विचारलं तर नाही म्हणा. चेकडिस्क फाइल सिस्टम सारखी करतं, त्या नादात तुमची फाइल वाचेलच असं नाही. आधी प्रत, मग दुरुस्ती.

प्रतिसाद ३

वरच्या दादांशी सहमत, एक भर घालतो. अडखळणं आणि डिस्क गायब होणं हे दोन वेगळे आजार असू शकतात. दोन्ही कॅमेरे मिळून सेकंदाला २५ एमबीच लागतात, म्हणजे ३८ मध्येही भागायला हवं. पण डिस्कचं हेड एक आणि फाइली दोन, त्यामुळे ते सारखं इकडून तिकडे पळतं. त्यातच रिझॉल्व्हची कॅशे (तात्पुरत्या फाइली) त्याच डिस्कवर ठेवली असेल तर वाचणं आणि लिहिणं एकदम. कॅशे लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर न्या. शिवाय फोर-के एच.२६४ (दाबून साठवलेलं चित्रण) उलगडायला प्रोसेसरलाही घाम फुटतो. प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती बनवा, त्याही एसएसडीवर.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कुडाळला जाऊन केबल आणली. दुकानात आधी फोनचीच हातात दिली, म्हणून डिस्कचा फोटो दाखवावा लागला.

लावल्यावर पहिली गोष्ट म्हणजे टिक-टिक बंद. एक तास कान लावून बसले होते. ट्री व्ह्यूत सुपरस्पीड दिसतंय, वाचायचा वेग ११८. पण एक नवीनच गंमत, माउस अडखळायला लागलाय. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा रंग दाखवतंय: ०५ शून्य, पण सी५ समोर ८. हे आठ म्हणजे काय? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) गेल्या आठवड्यातल्या १५७ क्रमांकाच्या बऱ्याच नोंदी आहेत, आज एकही नाही.

प्रतिसाद २

१५७ म्हणजे डिस्क अचानक निघाली अशी नोंद. आज नाही, याचा अर्थ केबलच होती.

सी५ म्हणजे जे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही. आठ म्हणजे बहुधा एकच जागा: आजकालच्या डिस्कचा खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, मोजणी मात्र ५१२ च्या तुकड्यांत होते. लिहिताना वीज गेली की असं होतं. आकडा आठवर थांबला तर ठीक, पण उद्या सोळा झाला तर डिस्कवर विश्वास ठेवू नका.

कॉपी एक्सप्लोररने करू नका, विंडोजमधलीच रोबोकॉपी ही कमांड वापरा, आणि त्यातले आर व डब्ल्यू हे दोन स्विच १ वर ठेवा. नाहीतर ते वाचता न येणाऱ्या एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी तीस सेकंद थांबून. तेवढा वेळ खराब जागेवर हेड घासत बसवायचं नाही.

माउसचं काळजीचं नाही. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गडबड होते आणि वायरलेस माउस त्याच पट्ट्यात बोलतो. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा.

धागालेखिका

कळवते. भावोजींकडून साडेतीन इंची, स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेली ४ टीबी डिस्क आणली. १.८ टीबी जायला साडेचार तासांच्या आसपास लागले. जुन्या केबलवर तेरा तास लागले असते, आणि पंधरा मिनिटांच्या वर ती टिकतच नव्हती.

एक सोडून सगळ्या फाइली गेल्या. राहिली ती दुसऱ्या रात्रीची, बाजूच्या कॅमेऱ्याची. ओळखीच्या एका मुलाने पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून डीडीरेस्क्यू या खराब डिस्कवरून डेटा काढणाऱ्या सॉफ्टवेअरने ती एकच फाइल काढली. ४०९६ बाइट सोडून बाकी सगळी आली! क्लिप सुरू केली, मामा पदर सावरत रंगमंचावर येतात, हार्मोनियमवाले मान वर करतात, आणि तिथे अर्धा सेकंद चित्रात हिरवे चौकोन येतात. मग पुन्हा स्वच्छ. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर होता, तो पूर्ण आहे. त्या अर्ध्या सेकंदाला समोरच्या कॅमेऱ्याचा कट ठेवला, तिथे मृदंगवाल्याचा हात दिसतो. छान बसतोय.

सी५ अजून आठच आहे. तरी एडिटिंग आता प्रॉक्सींवर करतेय, आणि जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली. तिसरी प्रत करायला नवीन डिस्क मागवली आहे, ती मामांच्या घरी राहील. पहिली रात्र रविवारपर्यंत जोडून होईल असं त्यांना सांगितलंय.