ऑफिसात येशूबद्दल बोलायचं कसं?

डबा उघडला की मी डोळे मिटून प्रार्थना करते, शेजारची विचारते काय पुटपुटतेस गं, मी 'काही नाही' म्हणते आणि मग दिवसभर रुखरुख. पण धर्मांतर करायला आलीय असंही वाटायला नको ना?

> तिनेच विचारलंय ना, मग सांग की, जेवणाबद्दल देवाचे आभार मानते. प्रवचन नको.

> कवी ना. वा. टिळकांना १८९३ मध्ये ट्रेनमध्ये एका अनोळखी प्रवाशाने नवा करार (बायबलचा दुसरा भाग) दिला, वाचा म्हणाला, बाप्तिस्मा झाला १८९५ ला. घाई कशाला?

> मी हिंदू. आई अ‍ॅडमिट होती तेव्हा वसईची कलीग डबा आणायची, 'प्रार्थना केली तर चालेल का' असं आधी विचारलं, ते आवडलं. रोज व्हॉट्सअ‍ॅपवर वचनं टाकणाऱ्याला मात्र म्यूट केलंय 😅