फ्यूजचे पार्ट म्यानमारला जाणार असतील तर ऑर्डर घ्यावी का?

भोसरीचा_लेथवाला

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. संगणकावर चालणारी चार मशीनं (तीन सीएनसी, एक व्हीएमसी), नऊ माणसं. वडिलांनी एका जुन्या लेथवर सुरुवात केली होती. आजवर सगळं ऑटोचं जॉबवर्क केलं, पण ते दोन वर्षांपासून आटत चाललंय. मार्चपासून नव्या मशीनचा हप्ता पतपेढीचं कर्ज काढून भरतोय.

गेल्या महिन्यात एका कंपनीकडून चौकशी आली. अॅल्युमिनियमचा पार्ट, बाहेरून थ्रेड, टॉलरन्स कडक, दर चांगला. ड्रॉइंगवर पार्टचं नाव नाही, नुसता नंबर. मशीन लावून देणारा माझा सेटर पूर्वी दारूगोळ्याच्या कामावर होता. त्याने सॅम्पल हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "शेठ, ही फ्यूजची बॉडी आहे." म्हणजे तोफगोळ्याच्या टोकाला बसून तो फोडते त्या फ्यूजची.

आपल्या सैन्यासाठी असतं तर मी इथे विचारायला आलोच नसतो, माझा चुलतभाऊ तोफखान्यात आहे. पण परचेसच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, एक्सपोर्ट. कुठे? "यांगूनला. पण बिल तुम्ही आमच्या नावाने करणार, मग माल कुठे का जाईना?"

घरी येऊन वाचत बसलो. 1 फेब्रुवारी 2021 ला म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली, निवडून आलेल्या लोकांना आत टाकलं. 11 एप्रिल 2023 ला सागाइंग भागातल्या पाझीजी गावात लोक एका कार्यालयाच्या उद्घाटनाला जमले होते. त्यांच्यावर विमानातून बॉम्ब टाकले, दीडशेच्या वर माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. माझा पार्ट तोफेचा, विमानाचा नाही, हे मला कळतं. पण त्या रात्री तेवढ्या फरकाने झोप लागली नाही.

बायको म्हणते, नको. धाकटा भाऊ म्हणतो, आपण सोडलं तर शेजारचा गाळा घेईल. तेही खरं आहे, आणि माझ्यावर नऊ घरं चालतात. तुम्ही काय केलं असतं?

वासुदेव_के

भावाचं ऐका. म्यानमारशी आपली 1,643 किलोमीटरची सीमा आहे. ईशान्येतले बंडखोर पलीकडे तळ ठोकून बसतात, 2015 मध्ये त्यांच्यामागे आपले कमांडो पाठवावे लागले. तिथल्या लष्कराशी बिघडवून घेतलं तर ती जागा चीन घेणार. 2020 मध्ये आपण त्यांना सिंधुवीर पाणबुडी दिली ती काय उगाच? निर्यातीचा परवाना सरकार देतं, जबाबदारीही सरकारची. नऊ जणांचा पगार थांबवून तुम्ही तिकडे एकाचाही जीव वाचवणार नाही.

चंफाईची_आठवण

बँकेच्या नोकरीत मी मिझोराममध्ये चंफाईला होते. झोखाथरला तिआउ नदी हीच सीमा. नोव्हेंबर 2023 मध्ये पलीकडे रिखावदारला लढाई पेटली तेव्हा हजारो माणसं ती ओलांडून आली. येणाऱ्यांना रोखा असं केंद्राने 2021 मध्येच कळवलं होतं. मिझो लोकांनी तरी दारं उघडी ठेवली, कारण पलीकडचे चिन जमातीचे लोक त्यांचे भाऊबंद.

माझ्या घरमालकिणीने मागच्या खोलीत एक कुटुंब ठेवून घेतलं होतं. त्यातली आजी तांदूळ निवडता निवडता थांबायची आणि आभाळाकडे कान लावायची. विमान प्रवासी की लढाऊ, हे तिला आवाजावरून ओळखू यायचं. सत्तरीतल्या बाईला हे शिकावं लागलं, वासुदेवजी.

आणि चीनचं म्हणाल तर, म्यानमारमधल्या मानवी हक्कांवरचे संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांचा मे 2023 चा अहवाल बघा. सत्ता बळकावल्यानंतर त्या लष्कराला किमान 1 अब्ज डॉलरची शस्त्रं आणि साहित्य मिळालं. रशियातून 40.6 कोटी, चीनमधून 26.7 कोटी, भारतातून 5.1 कोटी. आपण विकूनही चीन तिथे आहेच. त्या लढाईत रिखावदार लष्कराच्या हातून गेलं. मग सीमेवर आपण बोलणार कोणाशी? ज्यांच्या घरांवर गोळे पडले त्यांच्याशीच ना?

जुना_युनियनवाला

लेथवाले, एक खरी हकिकत सांगतो. 11 सप्टेंबर 1973 ला चिलीत लष्कराने बंड केलं आणि हॉकर हंटर विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले. पुढच्या वर्षी तसल्याच विमानांची इंजिनं दुरुस्तीला स्कॉटलंडमध्ये ईस्ट किलब्राइडच्या रोल्स-रॉइस कारखान्यात आली. बॉब फुल्टन नावाच्या इन्स्पेक्टरने ती पाहिली आणि हात लावायला नकार दिला. बाकीचे कामगार त्याच्यामागे उभे राहिले. इंजिनं उघड्यावर चार वर्षं गंजत पडली, 1978 मध्ये एका रात्री गुपचूप उचलून नेली. 2015 मध्ये चिली सरकारने त्या कामगारांचा सन्मान केला.

त्यांच्यामागे युनियन होती, तुम्ही एकटे. म्हणून तुमच्याकडून तेवढ्याची अपेक्षा मी करणार नाही. पण तोंडी विचारून सोडू नका. अशा निर्यातीत माल शेवटी कोण वापरणार याचा दाखला लागतो, म्हणजे नाव त्यांच्याकडे कागदावर असणारच. ते लेखी मागा.

भोसरीचा_लेथवाला

मागितलं. मेल केला की अंतिम वापरणारा कोण हे कळल्याशिवाय कोटेशन देणार नाही. दोन ओळींचं उत्तर आलं: माहिती गोपनीय आहे, निर्णय लवकर कळवा. मी नाही कळवला.

वासुदेवजी, तुमचं पगाराचं बोलणं मला सगळ्यात जास्त लागलं, कारण तीच माझी भीती आहे. पण परवाना सरकारचा असला तरी तो पार्ट माझ्या मशीनवर, माझ्या पोरांच्या हातून निघाला असता. परवा मी नऊही जणांना बसवून सगळं सांगितलं. दोघं म्हणाले, घ्यायला हवं होतं. त्यांच्याशी मला वाद घालता आला नाही.

शेजारच्या गाळ्यातही जाऊन आलो. माल कुठे जातो ते त्यांना सांगितलं. ते म्हणाले, विचार करतो. भाऊ अजून माझ्याशी धड बोलत नाही.

सेटरने जुन्या ओळखीतून पंपाच्या इम्पेलरचं काम आणलंय. दर जवळपास निम्मा. रविवारी सॅम्पल काढतोय. चाकण, तळेगाव, कुठेही व्हीएमसीचं रात्रपाळीचं काम असेल तर इथे कळवा, मशीन रात्री मोकळं आहे.