प्रतिसाद: पाणचक्कीच्या आतला लाकडी सांगाडा
इंग्लंडच्या खेड्यातली पाणचक्की राहतं घर करताना आतला अवजड सांगाडा काढला तर भिंती खचतील का, असं वर विचारलंय. बहुधा नाही. जात्यांचा भार पेलणारी ही चौकट बऱ्याच ठिकाणी भिंतींपासून मुद्दाम सुटी ठेवत, म्हणजे जात्यांची थरथर बांधकामाला लागत नसे. तरी इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करवत लावू नये. आणि तीच काढली तर गिरणीचं उरलं काय? धान्याची पोती आधी थेट माळ्यावर चढायची, तिथून दाणे मधल्या मजल्यावरच्या जात्यांत, पीठ खाली. सगळी इमारत या उतारावर बेतलेली.

चाकाचं म्हणाल तर जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने १७५९ मध्ये प्रयोगांनी दाखवलं, की वरून पाणी पडणारं चाक खालून ढकललं जाणाऱ्या चाकाच्या सुमारे दुप्पट काम देतं.

आमच्या नागपुरात मात्र असलं काही शोधत बसू नका. इथे गिरणी म्हटलं की एम्प्रेस मिल, १८७७ ची कापडगिरणी, तीही वाफेवर चालणारी. आता त्या जागेवर मॉल आहे. पाणचक्की बघायचीच तर छत्रपती संभाजीनगरला जा. मातीच्या नळांतून आणलेलं पाणी उंचावरून हौदात पडताना दिसतं.